श्वासकष्ट

श्वासोच्छ्वास करताना व्यक्तीला स्वतःला जाणवणाऱ्या त्रासाला वा अस्वस्थतेला श्वासकष्ट म्हणतात. निरोगी मनुष्याला विश्रांत अवस्थेत आपल्या श्वसनाची सहसा जाणीव नसते. प्रौढ व्यक्तीत मिनिटाला सु. १२ ते २० वेळा व दर वेळी अर्धा लिटरच्या आसपास हवा आत घेऊन बाहेर टाकण्याची ही क्रिया अहोरात्र चालू असते. ती जाणिवेच्या कक्षेत येऊन त्रासदायक वाटू लागली म्हणजे श्वासकष्टाचा प्रारंभ झाला असे समजतात. व्यवहारात धाप लागणे, दम लागणे, श्वास कोंडणे, हवा अपुरी पडणे, जीव घुसमटणे, छाती आवळल्यासारखी वाटणे असे अनेक शब्दप्रयोग रूढ आहेत. हे सर्व एकाच अनुभवाचे वाचक नाहीत आणि रुग्णाने कोणता शब्द वापरला यालाही निदानात महत्त्व असते.

श्वासकष्ट हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांत आढळणारे लक्षण आहे. वेदनेप्रमाणेच ते व्यक्तिनिष्ठ असते, म्हणजे ते रुग्णाने सांगावे लागते. जलद श्वसन, ओठ व नखे निळसर दिसणे, मानेचे स्नायू ताणले जाणे ही इतरांना दिसणारी चिन्हे होत. ती श्वासकष्टाबरोबर आढळतात, परंतु त्याच्याशी एकरूप नाहीत. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या संस्थेने १९९९ मध्ये केलेल्या व २०१२ मध्ये अद्ययावत केलेल्या विवेचनातही हा व्यक्तिनिष्ठ अनुभव निरनिराळ्या प्रकारच्या व कमीअधिक तीव्रतेच्या संवेदनांचा बनलेला असतो, असे म्हटले आहे. यामुळे रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण पुरेसे असूनही तीव्र श्वासकष्ट होऊ शकतो आणि उलटपक्षी ते प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत उतरूनही रुग्णाला फारसा त्रास जाणवत नाही. या लक्षणाचा अर्थ लावताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

शरीरक्रियावैज्ञानिक आधार : श्वसनाची लय मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील श्वसन केंद्रात निर्माण होते. तेथून निघालेले आदेश तंत्रिकांवाटे मध्यपटल व बरगड्यांमधील स्नायूंना पोहोचतात. श्वसन केंद्राला उत्तेजित करणारा मुख्य घटक कार्बन डाय-ऑक्साइड हा वायू असल्याचे जे. एस. हॉल्डेन व जे. जी. प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. रक्तातील या वायूचे प्रमाण थोडेसे वाढले, तरी श्वसन वाढते. ऑक्सिजनाच्या न्यूनतेची दखल मुख्यत्वे मानेतील ग्रीवा रोहिणीच्या दुभाजनस्थानी असलेले सूक्ष्म पिंड घेतात. बेल्जियन शरीरक्रियावैज्ञानिक कॉर्नेय हेमान्स यांना या क्षेत्रातील संशोधनाबद्दल १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोहिणीतील ऑक्सिजनाचा दाब सु. ६० मिमी. पाऱ्याच्या खाली गेल्यावरच या पिंडांचा प्रतिसाद प्रबळ होतो. म्हणून ऑक्सिजनाची सौम्य न्यूनता बहुधा जाणवत नाही, तर कार्बन डाय-ऑक्साइडाची अल्प वाढही अस्वस्थ करते.

पाण्यात बुडी मारण्यापूर्वी मुद्दाम अनेकदा दीर्घ व जलद श्वास घेण्याची सवय घातक ठरते, तिचे कारणही हेच आहे. अशा श्वसनाने कार्बन डाय-ऑक्साइड कमी होतो, मात्र ऑक्सिजनाचा साठा फारसा वाढत नाही. परिणामी श्वास घेण्याची निकड निर्माण होण्यापूर्वीच ऑक्सिजन संपत जातो व पोहणारा कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो.

फुप्फुसे, श्वासनलिका, छातीची भिंत व स्नायू यांतील ग्राहकांकडूनही मस्तिष्काला सतत संदेश मिळत असतात. फुप्फुसातील केशवाहिन्यांलगत असलेल्या व तेथे द्रव साचू लागल्यास उत्तेजित होणाऱ्या ग्राहकांचा शोध भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक अवतारसिंग पेंटल यांनी १९५० नंतरच्या दशकात लावला. हे ग्राहक ‘जे-ग्राहक’ या नावाने ओळखले जातात. पेंटल हे पुढे दिल्ली येथील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक होते. ई. जे. एम. कॅम्बेल व जे. बी. एल. हॉवेल यांनी १९६३ मध्ये अशी उपपत्ती मांडली की, श्वसनस्नायूंवर पडणारा ताण व त्या प्रमाणात छातीत प्रत्यक्ष शिरणारी हवा यांचा मेळ बसेनासा झाला म्हणजे श्वासकष्ट जाणवतो. या उपपत्तीचे विस्तृत रूप आजही ग्राह्य मानले जाते. मस्तिष्काने धाडलेला आदेश आणि त्याला परत मिळालेला वृत्तांत यांतील तफावत जितकी मोठी, तितका त्रास अधिक. डब्ल्यू. एस. फाउलर यांच्या १९५४ मधील प्रयोगाने याला आधीच दुजोरा दिला होता. ज्यांना रोखलेला श्वास यापुढे धरवत नव्हता त्यांना रक्तातील वायूंमध्ये काहीही सुधारणा न करणारे वायुमिश्रण हुंगू दिले असता, केवळ छातीची हालचाल झाल्यामुळे त्यांना तात्पुरता आराम पडला व ते पुन्हा श्वास रोखू शकले.

भीती व चिंता यांमुळे हा अनुभव तीव्र होतो आणि तीव्र झालेला अनुभव भीती वाढवितो. असे दुष्टचक्र बहुतेक दीर्घकालीन रुग्णांत आढळते. तेवढ्यावरून त्रास ‘मानसिक’ ठरवणे चुकीचे असते.

स्वरूप : श्वासकष्ट केव्हा, किती वेळात व शरीराच्या कोणत्या स्थितीत होतो, या तीन गोष्टींवरून कारणाचा पुष्कळसा अंदाज येतो.

काही मिनिटांत उद्भवणारा श्वासकष्ट श्वासमार्गात अडकलेला पदार्थ, दम्याचा झटका, फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा शिरणे, रक्ताची गुठळी फुप्फुस रोहिणीत अडकणे, हृदयविकाराचा झटका किंवा तीव्र ॲलर्जी यांचा निदर्शक असतो. तास व दिवस यांच्या मापाने वाढणारा त्रास फुप्फुसशोथात (न्यूमोनियात) आणि फुप्फुसावरणात पाणी साचल्यास आढळतो. महिनेच्या महिने हळूहळू वाढणारा त्रास दीर्घकालीन श्वासमार्गरोध, हृदयाची कार्यक्षमता घटणे, रक्तक्षय, फुप्फुसांचे तंतुमय काठिण्य, अतिस्थूलता इत्यादींत दिसतो.

उताणे निजल्यावर वाढणारा व उठून बसल्यावर कमी होणारा श्वासकष्ट हृदयाच्या डाव्या बाजूची दुर्बलता सुचवितो. निजल्यावर पाय व उदर यांतील रक्त छातीकडे परतते. दुर्बल हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही व फुप्फुसातील केशवाहिन्यांमधील दाब वाढतो. असा रुग्ण उशीवर उशी रचून झोपतो. रुग्णाला किती उशा लागतात हा प्रश्न वैद्य विचारतात तो यासाठीच. रोग बळावल्यास झोप लागल्यानंतर तासा-दोन तासांनी रुग्ण गुदमरून जागा होतो, उठून बसतो किंवा खिडकीशी जातो आणि काही वेळाने त्याला बरे वाटते. दम्याचा रात्रीचा त्रास बहुधा पहाटेच्या सुमारास होतो व त्यात श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. तथापि हृदयविकारातही असा आवाज येऊ शकत असल्याने केवळ तेवढ्यावर विसंबता येत नाही. क्वचित, उदा., यकृताच्या काही विकारांत, बसल्यावर त्रास वाढतो व निजल्यावर कमी होतो.

श्वसनाचे काही आकृतिबंध वैशिष्ट्यपूर्ण आहेत. अनियंत्रित मधुमेहात रक्ताची अम्लता वाढली म्हणजे खोल व जोरकस श्वसन सुरू होते. आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन केले. श्वसन क्रमाने वाढत जाऊन पुन्हा मंदावणे व काही क्षण पूर्णपणे थांबणे या प्रकाराला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. तो हृदयाच्या व मस्तिष्काच्या गंभीर विकारांत आढळतो.

कारणे : बहुसंख्य रुग्णांत कारण फुप्फुसे, हृदय व रक्त यांपैकी एकात किंवा एकाहून अधिक ठिकाणी असते.

दमा व दीर्घकालीन श्वासमार्गरोध हे फुप्फुसाचे नेहमी आढळणारे विकार होत [→ दमा]. दुसऱ्या विकाराचे प्रमुख कारण धूम्रपान असले, तरी भारतात चुलीत लाकूड, गोवऱ्या व काटक्या जाळल्याने होणारा धूर हेही महत्त्वाचे कारण आहे. ज्यांनी कधीही धूम्रपान केलेले नाही अशा ग्रामीण स्त्रियांत हा विकार त्यामुळे आढळतो. चार्ल्स फ्लेचर व रिचर्ड पीटो यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून असे दिसून आले की, ज्यांच्यावर तंबाखूच्या धुराचा परिणाम होतो अशा व्यक्तींची फुप्फुसक्षमता वर्षानुवर्षे नकळत घटत जाते. धूम्रपान सोडल्यास गेलेली क्षमता परत येत नाही, परंतु ऱ्हासाचा वेग धूम्रपान न करणाऱ्यांइतका मंद होतो. फुप्फुसांची राखीव क्षमता मोठी असल्यामुळे धाप जाणवू लागते तेव्हा तिचा बराच भाग नष्ट झालेला असतो. क्षयरोग बरा झाल्यानंतर उरलेल्या व्रणांमुळेही कायमचा श्वासकष्ट राहू शकतो.

व्यवसायजन्य कारणांत दगडखाणी, पाटा-वरवंट्याचे दगड घडविणे, काच व चिनी माती यांच्या कामातील सिलिकायुक्त धूळ प्रमुख आहे. कापूस पिंजण्याच्या व सूत कातण्याच्या खात्यांतील कामगारांना होणाऱ्या विकारात साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतण्याच्या दिवशी छाती आवळते व दम लागतो. आठवडा सरत जातो तसतसा त्रास कमी होतो. प्रारंभीच्या अवस्थेत हा क्रमच निदानाला पुरेसा मार्गदर्शक असतो. विषारी वायूंमुळे फुप्फुसात द्रव साचून तीव्र श्वासकष्ट होतो. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट या वायूच्या गळतीने हजारो लोक मृत्युमुखी पडले आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना श्वसनाचे विकार कायमचे जडले.

हृदयाच्या कारणांत रोहिणीविकार, अतिरक्तदाब, झडपांचे दोष व हृदयस्नायूंचे विकार यांचा समावेश होतो [→ हृदय]. संधिज्वरामुळे अरुंद झालेल्या द्विदली झडपेचा दोष भारतात तरुण स्त्रियांत आजही आढळतो. गर्भारपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते व तोवर लपून राहिलेला हा दोष प्रथमच श्वासकष्टाच्या रूपाने प्रकट होतो. गर्भारपणी प्रोजेस्टेरोन या हॉर्मोनामुळे श्वसन वाढून सौम्य धाप लागणे स्वाभाविक असते. त्यामुळे स्वाभाविक व रोगजन्य यांतील भेद काळजीपूर्वक करावा लागतो. मधुमेही व वृद्ध व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता केवळ धाप लागण्याने सुरू होऊ शकतो.

रक्तक्षयात फुप्फुसे व हृदय निरोगी असूनही ऊतकांना पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही. अशा रुग्णात बोटाला लावण्याच्या ऑक्सिजनमापकावरील आकडा मात्र सर्वसाधारण असतो. हीमोग्लोबिनाचा किती टक्के भाग ऑक्सिजनाने व्यापलेला आहे एवढेच हे उपकरण दाखविते. हीमोग्लोबिन मुळात किती आहे हे ते दाखवू शकत नाही.

इतर कारणांत श्वसनस्नायूंची दुर्बलता, मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड ग्रंथीचे विकार व पाठीच्या कण्याची वक्रता ही येतात. नाग व मण्यार यांच्या विषाने श्वसनस्नायू लुळे पडतात. कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर तीव्र परिणाम होऊन फुप्फुसात द्रव साचतो व रुग्ण गुदमरतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखवून दिली. त्यांचे यासंबंधीचे लेखन १९८२ पासून लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुद्रसपाटीपासून सु. २,५०० मी. पेक्षा अधिक उंचीवर त्वरेने गेल्यास निरोगी तरुणांच्या फुप्फुसांतही द्रव साचू शकतो. हिमालयात तैनात सैनिकांतील या विकाराचे सविस्तर वर्णन इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये केले. त्वरित खाली उतरणे हा त्यावरील मुख्य उपाय होय.

बालकांतील श्वासकष्ट : लहान मुले आपला त्रास सांगू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत दिसणाऱ्या चिन्हांवर भिस्त ठेवावी लागते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांखालील बालकात ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास असल्यास ते जलद श्वसन समजतात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, अंगावर पिता न येणे ही गंभीर चिन्हे होत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील कार्यकर्त्यांना व सुइणींना बालकांतील फुप्फुसशोथ ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे त्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. पूर्वी निरोगी असलेल्या मुलाला खेळता-खाताना एकाएकी ठसका लागून धाप लागल्यास शेंगदाणा, हरभरा, मणी यांसारखा पदार्थ श्वासमार्गात गेल्याचा संशय घ्यावा.

निदान व मापन : रुग्णाची हकीकत हे निदानाचे प्रमुख साधन आहे. दीर्घकालीन विकारात रुग्ण नकळत आपल्या हालचाली कमी करीत जातो. तो जिना टाळतो, बाजाराचे काम दुसऱ्यावर सोपवितो, चालताना बोलणे थांबवितो आणि ‘दम लागत नाही’ असे सांगतो. वाढत्या वयाचा हा परिणाम आहे, अशी त्याची व घरच्यांचीही समजूत असते. म्हणून मागील वर्षी सहज होणारी कोणती कामे आता सोडून दिली, असे विचारल्यास खरी स्थिती कळते.

तीव्रतेची प्रतवारी करण्यासाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची पाच पायऱ्यांची श्रेणी वापरतात. सध्या रूढ असलेल्या तिच्या सुधारित रूपात ० ते ४ असे अंक आहेत. फक्त जोराच्या श्रमाने दम लागणे ही पहिली पायरी असून घराबाहेर पडता न येणे अथवा कपडे घालतानाही दम लागणे ही शेवटची होय. हृदयविकारासाठी न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनचे चार वर्ग प्रचलित आहेत. सपाट जागेवर सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, याचेही मापन करतात.

रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेला स्टेथॉस्कोप आजही उपयुक्त आहे. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये वर्णन केलेल्या श्वसनमापकाच्या आधुनिक रूपाने श्वासमार्गातील रोध मोजता येतो. याखेरीज छातीचे क्ष-किरण चित्रण, विद्युत् हृल्लेख, हृदयाचे श्राव्यातीत ध्वनिचित्रण, हीमोग्लोबिनाची पातळी आणि हृदयावरील ताण दर्शविणाऱ्या विशिष्ट पेप्टाइडाची रक्तातील पातळी या तपासण्या गरजेनुसार करतात.

बोटाला लावण्याच्या ऑक्सिजनमापकाचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. समुद्रसपाटीला निरोगी व्यक्तीत त्यावरील आकडा सर्वसाधारणपणे ९५ ते १०० टक्के असतो. कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० पासून असे अनेक रुग्ण आढळले की, ज्यांचा आकडा फार उतरलेला असूनही त्यांना धाप जाणवत नव्हती. फुप्फुसांची लवचिकता टिकून राहणे व कार्बन डाय-ऑक्साइड न साठणे ही याची संभाव्य कारणे मानतात. यावरून श्वासकष्टाचा अभाव हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे हे स्पष्ट झाले. तसेच आकडा चांगला असला तरी रुग्णाची तक्रार दुर्लक्षून चालत नाही. हात थंड असणे, नखांना रंग लावलेला असणे यांमुळे आकडा चुकू शकतो. गडद त्वचेच्या व्यक्तींत तो प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसण्याची शक्यता असते.

उपचार : मूळ कारणाचा उपचार हाच मुख्य होय. दम्यात श्वासनलिका रुंदावणारी व दाह कमी करणारी औषधे हुंगवून देतात. हृदयाच्या दुर्बलतेत मूत्रल व इतर औषधे, फुप्फुसशोथात प्रतिजैविके, फुप्फुसावरणातील पाणी वा हवा काढून टाकणे व रक्तक्षयात लोह अथवा रक्त देणे इत्यादींचा अवलंब करतात.

ऑक्सिजन हा धापेवरचा सरसकट उपाय नाही. ज्यांच्या रक्तात तो कमी आहे त्यांनाच त्याचा खरा उपयोग होतो. दीर्घकालीन श्वासमार्गरोधाच्या ज्या रुग्णांत ही न्यूनता तीव्र व कायमची असते, त्यांचे आयुष्य दररोज किमान १५ तास ऑक्सिजन दिल्याने वाढते, असे १९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांवरून दिसून आले. अशा काही रुग्णांत अतिरिक्त ऑक्सिजनामुळे कार्बन डाय-ऑक्साइड साठण्याचा धोका असल्याने मापकावरील आकडा ८८ ते ९२ टक्के राखतात.

साधे उपायही उपकारक ठरतात. पुढे वाकून हात टेबलावर किंवा मांड्यांवर टेकल्याने श्वसनस्नायूंना आधार मिळतो. ओठ मुडपून सावकाश श्वास सोडल्याने श्वासमार्ग अधिक वेळ उघडे राहतात. चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेतल्याने त्रास कमी वाटतो. क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम व श्वसनाचे शिक्षण यांनी फुप्फुसक्षमता न वाढताही चालण्याची शक्ती वाढते. ज्यांचा रोग बरा होण्यासारखा नाही, अशा रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली अल्प मात्रेत मॉर्फीन देऊन त्रास सुसह्य करता येतो. घाबरून जलद श्वसन करणाऱ्यास कागदी पिशवीत श्वास घ्यावयास लावण्याची जुनी पद्धत आता त्याज्य मानतात. मूळ कारण हृदयाचे वा फुप्फुसाचे असल्यास ती धोकादायक ठरते.

एकाएकी सुरू झालेली धाप, विश्रांतीतही लागणारा दम, एक वाक्यही सलग बोलता न येणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, गुंगी येणे, औषध वा दंश यांनंतर ओठ व जीभ सुजणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला बसत्या स्थितीत तत्काळ रुग्णालयात न्यावे. घशात घास अडकून बोलता वा खोकता येत नसल्यास पाठीवर खांद्याच्या हाडांमध्ये जोरदार थापा देतात. त्याने भागले नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत व वर असा दाब देतात. हे दाबतंत्र हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये सुचविले. एक वर्षाखालील बालकाच्या पोटावर असा दाब देत नाहीत. त्याला पालथे धरून पाठीवर थापा आणि नंतर छातीवर दाब देतात.

आयुर्वेदीय विवेचन : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का (उचकी) व श्वास यांचा विचार एकाच अध्यायात केलेला असून श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. पहिले तीन प्राणघातक मानले आहेत. छिन्नश्वासात श्वसन मध्येच खंडित होते. तमकश्वासाचे वर्णन दम्याशी जुळते. त्यात निजल्याने त्रास वाढतो, बसल्याने आराम वाटतो आणि कफ सुटल्यावर काही काळ बरे वाटते. तो नवा असताना साध्य व एरव्ही याप्य, म्हणजे उपचाराने आटोक्यात राहणारा, समजला जातो. क्षुद्रश्वास श्रमादी कारणांनी होतो व तो फारसा पीडादायक नसतो. आधुनिक रोगांशी या प्रकारांची एकास एक अशी सांगड घालता येत नाही. तथापि एकच लक्षण त्याच्या काळावरून, शरीराच्या स्थितीवरून व परिणामावरून वेगवेगळे ओळखावे आणि साध्यासाध्यतेचा निर्णय त्यावरून करावा, ही निदानाची दृष्टी त्यात स्पष्टपणे दिसते.